गेनूआजोबांची ऊ आणि हरवलेली लीख

"आख्ख्या गावात माझ्यासारखं डोकं नाही!" गेनूआजोबा म्हणायचे. मग स्वतःच हसायचे. "म्हणजे वरून हो. आत काय, भुईमुगाची टरफलं!"

त्या डोक्यात राहायची एक ऊ. एवढीश्शी! तिची एक लीख होती. लीख म्हणजे उवेचं अंडं. पांढरं, इवलं, लाडकं.

एका सकाळी काय झालं? कोंडा पडला. भुरुभुरु, भुरुभुरु! जिकडे तिकडे पांढरंच पांढरं. पांढऱ्यात पांढरी लीख दिसेना!

ऊ रडली. डोळे पुसले. निघाली तुरुतुरु, तुरुतुरु. उड्या मारत नाही हं, उड्या पिसवा मारतात.

"कोंडेदादा, कोंडेदादा, बाजूला व्हा. माझी लीख सापडेना!"

कोंडा म्हणाला, "मी कसा हटू? कातडी मला पाडते भराभर. आधी तिला थांबव."

ऊ गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

"कातडीताई, कातडीताई, थांबा ना. कोंडा हटेना, माझी लीख सापडेना!"

कातडी म्हणाली, "मी जन्माची हळवी. बुरशी मला झोंबते, की मी टाकते साल. आधी तिला उठव."

ऊ गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

"बुरशीमावशी, बुरशीमावशी, उठा ना. कातडी थांबेना, कोंडा हटेना, माझी लीख सापडेना!"

बुरशी जेवत होती. मटमट, मटमट. "इथं तेलाची पंगत बसलीय. भरल्या ताटावरून उठू? आधी तेल आटव."

ऊ गेली तुरुतुरु... धप्प! तेलात घसरली. तशीच उठली.

"तेलकाका, तेलकाका, आटा ना. बुरशी उठेना, कातडी थांबेना, कोंडा हटेना, माझी लीख सापडेना!"

तेल म्हणालं, "आजोबांच्या अंगचं तेलच मुळात दांडगं. वर ठकूआजी ओतते वाटीभर. चपचप, चपचप! आधी तिला आवर."

ऊ गेली तुरुतुरु, तुरुतुरु. केसाच्या टोकाला लोंबकळली.

"आजी, आजी, ओतू नका. तेल आटेना, बुरशी उठेना, कातडी थांबेना, कोंडा हटेना, माझी लीख सापडेना!"

"ओतू नको तर काय करू?" ठकूआजी म्हणाली. "डोकं कोरडं पडलंय, म्हणून तर कोंडा! हे बसतात खाजवत. खरखर, खरखर! आधी ह्यांना थांबव."

ऊ गेली तुरुतुरु, तुरुतुरु. थेट आजोबांच्या कानाशी.

"आजोबा, आजोबा, खाजवू नका. आजी ऐकेना, तेल आटेना, बुरशी उठेना, कातडी थांबेना, कोंडा हटेना, माझी लीख सापडेना!"

"अगं, थांबतो की!" आजोबा म्हणाले. "पण एक ऊ मला चावते. कुटुकुटु, कुटुकुटु! आधी तिला थांबव."

उवेनं इकडे बघितलं. उवेनं तिकडे बघितलं. दुसरी ऊ कुठाय? नव्हतीच!

"अगंबाई," ती हळूच म्हणाली. "ती मीच की!"

आणि तिनं तोंड मिटलं. घट्ट!

ऊ चावेना. मग आजोबा थांबले. आजोबा थांबले, आजीनं वाटी ठेवली. वर रिठ्यानं डोकं धुतलं. खसखस, खसखस! उवेनं केस धरला गच्च. तेल आटलं. बुरशी उपाशी उठली. कातडी शांत झाली. कोंडा हटला. आणि केसाच्या बुडाशी कोण?

लीख! पांढरी, इवली, लाडकी!

उवेनं तिला मिठी मारली. मग सगळ्यांना हात जोडले. "कोंडेदादा, देव तुमचं भलं करो! कातडीताई, देव तुमचं भलं करो! बुरशीमावशी, तेलकाका, आजी, देव तुमचं भलं करो!"

मग ती आजोबांच्या कानाशी आली. "आजोबा, तुमचे लई उपकार! आता आम्ही मायलेकी इथंच राहू. कध्धी कध्धी चावणार नाही!"

आजोबा गालात हसले. "राहा की बाई. पण न चावता जेवशील काय?"