पोशीबायची पाटी

खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायला होडीच लागायची, त्या काळात वाघेखार गावात पोशीबाय राहत होती. तिचा नवरा गलबतावर गेला तो परत आलाच नाही. मागे उरली खाडीकाठची खारी जमीन. तिथे गवतसुद्धा धड उगवत नव्हतं.

पोशीबाय म्हणाली, "भात पिकत नाही, तर मीठ पिकवीन."

दिवाळी झाल्यावर तिने बांध घातला, पाणी अडवायला चौकोन आखले, पायांनी चिखल तुडवून तळ सारखा केला. मीठ धरू लागलं आणि पौर्णिमेच्या उधाणात बांध फुटला. पोशीबाय दोन दिवस चुलीपुढे बसून रडली. तिसऱ्या दिवशी पदर खोचून फुटलेल्या बांधावर जाऊन बसली. भरती आली, ओहोटी झाली, ती तिथेच.

तिचा दीर चांगू बोलवायला गेला. "वयनी, इथं बसून काय मिळतंय?"

"दर्याला इचारतेय, कुठनं आलास बाबा?"

गाव पोट धरून हसलं. पण दर्याने तिला उत्तर दिलं, असं म्हणतात. बांध पाण्याच्या अगदी तोंडाशी होता. पुढल्या साली तिने तो मागे घेतला आणि पुढ्यातली तिवरांची झाडी तोडू दिली नाही. लाटेचा जोर त्या झाडीतच मरू लागला.

त्या साली बांध खालून फुटला. पोशीबाय पुन्हा जाऊन बसली. या वेळी खेकड्यांची बिळं दिसली. तेव्हापासून ती रोज सकाळी अनवाणी बांधावरून चालायची. तळव्याखाली माती भुसभुशीत लागली की तिथं चिखल ठासायची. आंधळ्यालाही तिचा बांध पायांनी ओळखता यायचा, असं म्हणतात.

तिसऱ्या साली बांध टिकला. मिठाची रास छपराएवढी झाली, आणि वैशाखात अवकाळी पाऊस कोसळला. अर्धी रास विरघळली. आता चांगूच रडायला लागला.

"पुरं झालं, वयनी. आता आभाळपण आपल्याला नको म्हणतंय."

पोशीबाय राशीभोवती फिरली. वाऱ्याने उडून आलेले माडाचे झाप एका बाजूला पडले होते. त्यांच्याखालचं मीठ कोरडं होतं.

"अर्धी रास उरलीय, चांगू," ती म्हणाली. "गेल्या साली एवढीपण नव्हती. चल, झाप विणायला घे."

चौथ्या साली तिचं मीठ होड्या भरभरून पलीकडच्या बाजारात गेलं.

पुढे एका साली असं उधाण आलं, की खाडीकाठचे बाकीचे सगळे बांध फुटले. पोशीबाय आपल्या बांधावर उभी होती. पाणी तिच्या अंगठ्यापर्यंत चढलं, तिथं थबकलं आणि मागे फिरलं, असं म्हणतात. खरं-खोटं दर्याला ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी ती पाटीभर मीठ डोक्यावर घेऊन ज्यांचं सगळं गेलं त्यांच्या दारोदार गेली, हे मात्र सगळेच सांगतात. दारात उभी राहून ती एवढंच विचारायची, "तुझा कुठं फुटला? सांग मला."

वाघेखारात अजूनही हंगामातली पहिली पाटी विकत नाहीत. त्या साली ज्याचं काही बुडालं असेल, त्याला देवळासमोर बसवून ती देतात. तिला पोशीबायची पाटी म्हणतात. घेणाऱ्याने रडगाणं गायचं नाही, आपला बांध कुठं फुटला ते सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. बुडालेलं मिठागरच असायला हवं असंही नाही. मागल्या साली कोंबड्यांचा धंदा बुडालेल्या दामूला पाटी मिळाली. आधी तो मान वर करेना. मग बोलायला लागला तो चांगला तासभर बोलला, आणि शेवटी स्वतःच हसायला लागला. त्याचं ऐकून दोघी बायका घाईघाईने उठल्या आणि आपापली खुराडी बघायला गेल्या.