पोवळीच्या दारावरचा जबडा

एका राज्यात समुद्र रिता होत चालला होता, आणि ते कोणाला ठाऊक नव्हते. राजाच्या मांत्रिकाने कोळ्यांना एक जाळे दिले होते. त्यातून तीळही सुटत नसे. आणि जो ते ओढी, तो आदल्या हंगामाचा मासा विसरून जाई. मासे बोटाएवढे झाले तरी कोळी म्हणत, "मासा असतो तो एवढाच."

पुढे तेवढ्याने जाळ्याची भूक भागेना. ते ओढणाऱ्यांनाच गिळू लागले. पोवळी कोळणीची लेक आवडी अशीच गेली.

पोवळीच्या दारावर एक पांढरी कमान होती. राक्षसाचा जबडा, असे सारे म्हणत. त्यावर एक म्हातारी समुद्रघार येऊन बसली.

"राक्षस कसला? घोळ मासा तो. तुझ्या पणजीने धरलेला."

"चल, थापाडे! एवढी घोळ असते होय?"

"हात लावून बघ."

पोवळीने हात लावला आणि तिला सारे आठवले. माणसाच्या उंचीच्या घोळी आठवल्या. पोटात अंड्यांची गाभोळी भरलेली घोळ सापडली की आजी तिची ओटी भरून, माहेरवाशिणीसारखी तिची पाण्यात पाठवणी करी, तेही आठवले. आणि ती रीत आपल्याच हातांनी मोडली, हेही.

"माझी आवडी कुठे आहे?"

"तीन कामे कर. या जबड्याच्या दाताने जाळे उसव. जबडा समुद्राला परत दे. तिसरे काम समुद्र सांगेल."

पोवळीने जाळे उसवले. गाठीगाठीतून रक्त आले. तिने जबडा पाण्यात सोडला. तशी फाटक्या जाळ्यातून एक घोळ तिच्या पदरात आली. पोट गाभोळीने फुगलेले, डोळे आवडीचे.

समुद्र बोलला, "घरी नेलीस, तर लेक होईल. सोडलीस, तर मी पुन्हा भरेन. माझ्यात एवढीच उरली आहे."

"आये," घोळ म्हणाली, "थंडी वाजते गं."

किनाऱ्यावरून कोळी ओरडले, "पोवळे, बघत काय राहिलीस? चीर तिला, साऱ्या कोळीवाड्याला पुरेल!"

पोवळी कंबरभर पाण्यात उभी होती. ओटीला तांदूळही नव्हते. तिने आपल्या कपाळाचे कुंकू बोटावर घेऊन घोळीच्या माथ्याला लावले.

"जा बाय," ती म्हणाली. "सासर मोठं आहे तुझं."

तिने हात उघडले.

शाप तुटला. मांत्रिक स्वतःचे नाव विसरला आणि कुठेतरी चालत निघून गेला. कोळ्यांना सारे आठवले. त्या दिवशी कोणाची चूल पेटली नाही. राजाने आज्ञा केली, जाळ्याच्या भोकातून चार बोटे जावीत. समुद्र भरला, पण सावकाश. पोवळीच्या डोळ्यांदेखत नव्हे.

त्या राज्यात अजूनही गाभोळीची घोळ सापडली की कोळणी तिची ओटी भरतात, आणि सोडण्याआधी वाकून विचारतात, "थंडी वाजते का गं, बाय?"