तांबडी पट्टी आणि मोतिया लुगडं

फार फार मागची गोष्ट. तराजू लाकडाचे होते आणि कापड हातानं मोजत, तेव्हाची.

डोंगराच्या कुशीतल्या एका गावी लेक सासरी निघाली की आईच्या लुगड्याची गोधडी तिच्यासोबत जाई. सासरच्या बायका पहिल्याच दिवशी ती नदीवर नेऊन धूत. माहेरचा हात कसा आहे, ते तिथं सगळ्या घाटासमोर कळे.

त्या गावात एक पोरकी मुलगी होती. आईचं म्हणून तिच्याजवळ एकच मोतिया लुगडं उरलेलं. लग्न दहा दिवसांवर आलं, तशी ती लुगडं उराशी धरून गोधडीवालीच्या दारात आली.

"काकू, आईचं एवढंच आहे हो."

"ठेव. नवव्या दिवशी ये," गोधडीवाली म्हणाली. तिनं कडेला लावायला कोरं तांबडं कापडही मागून घेतलं.

मुलीला कुठला धीर! सहाव्या दिवशीच ती मामीला घेऊन आली. पाहते तर काय, गोधडीला एक टाका नाही. अंगणात तांबडी पट्टी तेवढी वाळत होती.

मामी कडाडली, "अहो बाई, गोधडी शिवताय की धुणं धुताय?"

"तिसऱ्यांदा भिजवलीय. दोनदा पाणी लाल झालं. आज स्वच्छ निघालं."

"द्या ते लुगडं इकडे! पलीकडच्या आळीत दोन दिवसांत शिवून देतात."

मुलीचा चेहरा उतरला. गोधडीवाली मात्र चिडली नाही. स्वतःच्या बुडाखालची जुनी गोधडी तिनं ओढून काढली आणि उलगडली. पांढऱ्या लुगड्यावर लाल ओघळ, कडा आटून चुण्या पडलेल्या.

"ही माझ्या आईची. मी घाईनं शिवली. कोरं कापड न भिजवताच लावलं. पहिल्या धुण्यात त्यानं रंगही सोडला आणि ते आटलंही. दुसरं लुगडं कुठून आणणार होते? आता तुझं तू ठरव, पोरी."

मुलीनं त्या डागांवरून हात फिरवला. म्हणाली, "मामी, चल घरी."

आता त्या बाईचं काम ऐका. कापडात जन्म गेला माझा, पण असा हात विरळा. जुनी धडुती घालून तिनं थर लावले. आधी मधून कडेकडे लांब कच्चे टाके घातले, म्हणजे सुरकुती आत अडकत नाही, बाहेर निघून जाते. दोरा मेणावरून ओढला, म्हणजे गाठी पडत नाहीत. मग बारीक टाके घातले, मुंग्यांची रांग चालावी तसे. नवव्या दिवशी दिवेलागणीला शेवटची गाठ मारली.

सासरी नदीवर सासूनं गोधडी बुडवली, आपटली, पिळली. घाटावरच्या बायका माना उंचावून बघत होत्या. पाणी होतं तसंच नितळ राहिलं. मोतिया लुगडं मोतियाच राहिलं, आणि तांबडी पट्टी चारी बाजूंनी सरळ.

सासू म्हणाली, "हात कुणाचा गं हा?"

मुलगी ओल्या गोधडीला गाल लावून म्हणाली, "एका काकूंचा. त्यांच्या आईची डागळली, म्हणून माझ्या आईची वाचली."

तर मंडळी, जी वस्तू पुन्हा मिळायची नाही, तिला सुई लावण्याआधी घालवलेला वेळ कधी वाया जात नाही.