इवलीचा बिछाना

एक होती उंदरीण. केवढी होती? लिंबाएवढी. तिचं नाव इवली.

इवली राहायची वसईत. केळीच्या वाडीत एक घर होतं. घरामागे सरपणाचा ढीग होता. ढिगाखाली इवलीचं बीळ होतं.

पाऊस संपला. भात पिवळं झालं. विळे चालले, सर सर सर. शेत रिकामं झालं. शेतात पेंढा उरला.

इवली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. एक काडी आणली. दातांनी चिरली. कुट कुट कुट. मऊ केली. दुसऱ्या दिवशी दुसरी काडी. तुरुतुरु तुरुतुरु. कुट कुट कुट.

काडी काडी जमली. थंडी पडायच्या आत बिछाना झाला. गोल गोल. मऊ मऊ. मग बिळात तीन पिल्लं आली. शेंगदाण्याएवढी. गुलाबी गुलाबी. अंगावर एक केस नाही.

एके दिवशी बिछाना दमट झाला. इवलीने तो बिळाबाहेर काढला. सरपणावर उन्हात ठेवला. पिल्लांना म्हणाली, थांबा जरा, आता आणते हं गरम गरम. आणि दाणे शोधायला गेली.

परत आली. बघते तर काय, बिछाना नाही.

ढिगावर नाही. ढिगाखाली नाही. ढिगामागे नाही. बिळात पिल्लं गार मातीवर पडलेली. चीं चीं चीं.

इवलीने वर पाहिलं. सूर्य केळीच्या शेंड्यावर होता. अजून वेळ होता. पण ऊन गेलं की गारठा येणार. गारठा आला की पिल्लं कुडकुडणार.

इवली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

घराच्या ओटीवर जोविता बसली होती. जोविता चार वर्षांची. उद्या नाताळ होता. ओटीवर नाताळचा गोठा मांडला होता. बांबूच्या भिंती. मातीची मेंढरं. एका मेंढराचा कान तुटका. मधोमध इवलीशी लाकडी गव्हाण, बाळ येशूला निजवायला.

आणि गव्हाणीत काय? इवलीचा बिछाना.

इवली म्हणाली,

"जोविताबाय, जोविताबाय, बिछाना दे ना.
माझी पिल्लं निजतील कशी?"

जोविता गोरीमोरी झाली. तिला वाटलं होतं, हा पेंढा कुणाचाच नाही.

त्या घरात एक रीत होती. एक चांगलं काम केलं की गव्हाणीत एक काडी ठेवायची. महिनाभरात काड्या जमल्या दोन. एक ग्लेनदादाची. एक जोविताची. जोविताची अजून एक होती, पण जोविता दादाला चावली, म्हणून आईने काढून घेतली. दोन काड्यांवर बाळ येशू झोपणार कसा? म्हणून जोविताने सरपणावरचा मऊ पेंढा उचलला होता.

जोविता म्हणाली, "आधी दुसरा पेंढा आण. मग देते."

आता पेंढा कुणाकडे? तांबू गाईकडे. इवली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

तांबू परसात बांधलेली. गळ्यात घंटा. टिण टिण टिण. पुढ्यात पेंढ्याचा भारा. इवली म्हणाली,

"तांबूमावशी, तांबूमावशी, पेंढा दे ना.
जोविता बिछाना देईना,
माझी पिल्लं निजतील कशी?"

तांबूने मान हलवली. टिण टिण टिण. तिची बादली रिकामी होती. सकाळपासून कुणी पाणी दाखवलं नव्हतं. घसा कोरडा, जीभ कोरडी. पाणी रोज बाबा पाजायचे.

तांबू म्हणाली, "आधी बाबांना आण. मग देते."

इवली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. सूर्य केळीच्या शेंड्यावरून पानांआड आला.

बाबा शिडीवर होते. शिडी वाजत होती. कर कर कर. दारावर मोठा तारा टांगला होता, लाल कागदाचा. त्याची शेपटी सुटली होती. बाबा ती दोन्ही हातांनी धरून उभे. इवली म्हणाली,

"बाबा बाबा, खाली या ना.
तांबू पेंढा देईना,
जोविता बिछाना देईना,
माझी पिल्लं निजतील कशी?"

बाबा म्हणाले, कसा येऊ? हात सोडला की शेपटी उडाली. मघाच ग्लेनला खळ आणायला पाठवलंय. खळ येईल, शेपटी चिकटेल, मग उतरेन. माझ्या नाकाला खाज सुटली आहे, तीही मला खाजवता येत नाही.

बाबा म्हणाले, "आधी खळ आण. मग येतो."

इवली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. सूर्य केळीच्या पानांवरून घडाआड आला.

विहिरीपाशी ग्लेनदादा बसला होता. मांडीवर डबा. डब्यात कोमट पाणी. हातात काठी. नुसतं पाणी ढवळत होता. डुबुक डुबुक. इवली म्हणाली,

"ग्लेनदादा, ग्लेनदादा, खळ कर ना.
बाबा खाली येईनात,
तांबू पेंढा देईना,
जोविता बिछाना देईना,
माझी पिल्लं निजतील कशी?"

दादा म्हणाला, खळ मैद्याची होते. मैदा आईकडे आहे. त्या डब्याला हात लावायची मला बंदी. मागच्या रविवारी मी तो सांडला होता. मांजर पांढरं झालं होतं.

दादा म्हणाला, "आधी मैदा आण. मग करतो."

इवली निघाली. वाटेत बीळ लागलं. आत डोकावली. चीं चीं चीं. पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. इवलीने तिघांना चाटलं. थांबा हं, म्हणाली. आणि पुन्हा तुरुतुरु तुरुतुरु.

सूर्य केळीच्या घडावरून खोडाआड आला.

आई स्वयंपाकघरात होती. पोळपाटावर करंजीची पारी. कडेवर टोनू बाळ. टोनू आठ महिन्यांचा. तो रडत होता. ट्यां ट्यां ट्यां. इवली म्हणाली,

"आई आई, मैदा काढ ना.
दादा खळ करीना,
बाबा खाली येईनात,
तांबू पेंढा देईना,
जोविता बिछाना देईना,
माझी पिल्लं निजतील कशी?"

आई म्हणाली, काढला असता गं बाई. पण मैद्याचा डबा वरच्या फळीवर. तो दोन हातांनी काढावा लागतो. माझा एक हात टोनूकडे. खाली ठेवला की हा जास्त रडतो. खुळखुळा दिला, फेकला. चमचा दिला, फेकला. बिस्कीट दिलं, तेही फेकलं.

आई म्हणाली, "आधी याला हसव. मग काढते."

इवलीने टोनूकडे पाहिलं. टोनूचं तोंड उघडं होतं. केवढं उघडं? इवली आत मावली असती. ट्यां ट्यां ट्यां.

इवलीला भीती वाटली. पण सूर्य खोडाआड आला होता. इवली पोळपाटावर चढली. मागच्या दोन पायांवर उभी राहिली. होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाली,

"टोनू बाळा, टोनू बाळा, हस ना.
आई मैदा काढीना,
दादा खळ करीना,
बाबा खाली येईनात,
तांबू पेंढा देईना,
जोविता बिछाना देईना,
माझी पिल्लं निजतील कशी?"

टोनू रडायचा थांबला. त्याने इवलीकडे पाहिलं. असं काही त्याने कधी ऐकलं नव्हतं. काढीना, करीना, देईना, देईना.

टोनूने तोंड हलवलं. "ना," म्हणाला.

इवली म्हणाली, "ना."

"ना ना," टोनू म्हणाला. "ना ना ना." आणि हसला. खिद खिद खिद. वरचे दोन दात दिसले. नवे कोरे.

मग काय?

टोनू हसला. खिद खिद खिद.
आईने त्याला खाली ठेवलं, डबा काढला. मैदा दिला. फुस्स.
दादाने खळ केली. डुबुक डुबुक.
बाबांनी शेपटी चिकटवली, नाक खाजवलं, खाली आले. कर कर कर.
तांबूला पाणी दिलं. तांबू प्याली. एक बादली. दोन बादल्या. गट गट गट.
तांबूने तोंडभर पेंढा उचलला. इवलीच्या पुढ्यात ठेवला. टिण टिण टिण.

पेंढा मोठा. इवली लहान. तिला तो हलेना. मग दादाने उचलला. इवली पुढे, दादा मागे. तुरुतुरु तुरुतुरु. धप धप धप.

जोविता उठली. पेंढा घेतला. गव्हाणीत कोंबू लागली. तेवढ्यात आई ओटीवर आली. आईच्या कडेवर टोनू. मागून बाबा आले.

आईने गव्हाण पाहिली. म्हणाली, "अगं बाय, एवढी चांगली कामं तू केलीस तरी कधी?"

जोविता पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नाही केली. हा तांबूचा आहे. आणि खालचा इवलीचा."

कुणी रागावलं नाही. पण कुणी हसलंही नाही. जोविताने गव्हाण रिकामी केली. दोन काड्या राहिल्या. तांबूचा पेंढा कोपऱ्यात, इवलीचा बिछाना बाजूला. फार रिकामं दिसायला लागलं.

बाबा म्हणाले, थांबा. आज कुणी कुणी काय काय केलं? मोजू या.

टोनू हसला. त्याची एक काडी. झाल्या तीन.
आईने मैदा दिला. तिची एक काडी. झाल्या चार.
दादाने खळ केली. त्याची एक काडी. झाल्या पाच.
बाबांनी पाणी पाजलं. त्यांची एक काडी. झाल्या सहा.
तांबूने पेंढा दिला. तिची एक काडी. झाल्या सात.

जोविता आईकडे बघायला लागली. तिने विचारलं, "आणि मी बिछाना परत दिला तर?"

आईने विचार केला. दादा म्हणाला, काही नाही, तिनेच तर घेतला होता. जोविता म्हणाली, मला माहीत नव्हतं तो इवलीचा आहे. दादा म्हणाला, पण मग कळलं ना, तेव्हा का नाही दिलास?

आई म्हणाली, "घेतलास तूच. देतेस तूच. अर्धी काडी."

जोविताला अर्धी चालली.

सूर्य केळीच्या खोडावरून जमिनीला टेकला होता. जोविताने बिछाना उचलला. दोन्ही हातांनी. एक काडी सांडू दिली नाही. इवली पुढे, जोविता मागे. तुरुतुरु तुरुतुरु. टप टप टप.

सरपणाच्या ढिगापाशी जोविता गुडघ्यांवर बसली. बिळात बघितलं. आत तीन पिल्लं. शेंगदाण्याएवढी. गुलाबी गुलाबी.

जोविता कुजबुजली, "यांना काहीच घातलं नाही गं अंगात."

तिने बिछाना बिळाच्या तोंडाशी ठेवला. इवलीने आत ओढला. सर सर सर. गोल केला. पिल्लं मधोमध ठेवली. एक, दोन, तीन. चीं चीं थांबलं.

जोविता ओटीवर परत आली. अर्धी काडी करायची होती. काडी हाताने मोडली, ती चेपली. दुसरी मोडली, ती वाकडी तुटली. दादाला म्हणाली, तू कर. दादाकडूनही होईना.

तेवढ्यात, तुरुतुरु तुरुतुरु.

इवली आली. तिच्या तोंडात एक काडी होती. बिछान्यातली, सगळ्यांत मऊ. इवलीने ती जोवितासमोर धरली. बरोबर मधे दात लावला. कुट. झाले दोन तुकडे. एक जोविताला दिला.

दुसरा घेऊन इवली गव्हाणीवर चढली. टोनूला हसवलं होतं कुणी? इवलीनेच. पण ती म्हणाली, मला अर्धी पुरे. माझं घर लहान, माझं काम लहान.

इवलीने तिची अर्धी ठेवली. जोविताने तिची अर्धी ठेवली. अर्धी आणि अर्धी, झाली एक.

झाल्या आठ.

आठ काड्यांवर बाळ येशू निजला. त्याला कुठेच टोचलं नाही. सरपणाखाली तीन पिल्लं निजली. त्यांनाही कुठे टोचलं नाही. आईने करंजीचा तुकडा इवलीला दिला. तो इवलीहून मोठा होता.

गोष्ट होती केवढी? काडीएवढी. अर्धी मी सांगितली. अर्धी तुम्ही ऐकली.