साळिंदराचे काटे

जंगलातले प्राणीही लोकर विणत, तेव्हाची ही गोष्ट. खारूताईंनी थंडीआधी साऱ्या गोतावळ्याला काहीबाही विणून द्यायचं ठरवलं. "मला काय अवघड आहे!" म्हणत सशाची टोपी अर्धी झाली की लगेच माकडाचे मोजे सुरू करत. सुया म्हणून शेजारच्या साळिंदराचे काटे वापरत; आधीचे दोन टोपीतच अडकलेले असत, म्हणून दर वेळी त्याच्याकडून दोन नवे मागून आणत.

थंडी पडली, पण एकही वस्तू पुरी नव्हती. साळिंदर उघड्या पाठीनं कुडकुडत दारात आला.

"अगं बाई!" खारूताई कळवळल्या. "साळिंदरभाऊ, तुमच्यासाठी आत्ता स्वेटर सुरू करते. फक्त दोन काटे द्या."

"स्वेटर नको, ताई," साळिंदर म्हणाला. "सशाची टोपी तेवढी पुरी करा. त्याचे कान झाकतील आणि माझी पाठही."