ठमाईचा घोट

ऐका. घाटाला सडक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. वाट बैलगाड्यांची, रान सागाचं, आणि घाट चढायच्या आधी टेकायला जागा एकच, तळकोंडचा गुत्ता. काळ्या दगडाचं जोतं, सागाचे खांब, वर कौलं. इमारत अजून उभी आहे. बाहेरून बघाल तर गोदाम वाटेल, पण तिच्या उंबरठ्यावर कोणी पायताण घालून पाय ठेवत नाही. दारूच्या दुकानाला देवळाचा मान कसा मिळाला असं विचारलंत, तर तळकोंडचे लोक आधी तुम्हाला पाणी देतात आणि मग सांगायला बसतात.

त्या काळी सरकारनं घरोघरच्या भट्ट्या मोडल्या होत्या. मोहाची झाडं आपल्या रानातली, फुलं वेचणाऱ्या बाया आपल्या, दारू मात्र मक्तेदाराच्या गुत्त्यातूनच घ्यायची. मक्तेदार दूर तालुक्याला राहायचा. गावानं त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्याचा माणूस हैबती मुकादम पिंपं घेऊन यायचा, आणि गुत्त्यावर विकायला बसायची ठमाई.

ठमाई तरुणपणीच विधवा झालेली. पदरात एक पोरगी, सोमी. ठमाईचा आवाज गड्यासारखा आणि हात त्याहून जड. कोणी पिऊन धिंगाणा घातला तर त्याला मानगुटीला धरून ती ओढ्यात बसवायची, आणि उतरली की भाकर देऊन घरी पाठवायची. तिचा एक नेम होता. नवं पिंप उघडलं की पहिला घोट तिचा. नारळाच्या करवंटीत ओतायची, तोंडात घोळवायची, डोळे मिटायची. फुलं कोणत्या डोंगरावरची आणि ती वाळत घातली तेव्हा आभाळ आलं होतं का, हेसुद्धा तिला कळायचं, असं म्हणतात. माल वाईट निघाला तर अख्खं पिंप ओढ्यात. हैबती थयथयाट करायचा, पण तिच्यापुढे त्याचं काही चालायचं नाही. तिनं मान हलवली की मगच गाडीवानांच्या करवंट्या पुढे व्हायच्या. हळूहळू लोकांना वाटायला लागलं की त्या घोटातच काहीतरी आहे. ठमाईनं तोंड लावलं की दारू बाधत नाही. घोळ झाला तो इथेच.

मग एका चैत्रात सोमीला देवी आल्या. पोरीचं अंग फोडांनी भरलं, डोळे उघडेनात. घरात देवी असल्या की फोडणी द्यायची नाही, मांसमच्छी आणायची नाही, आणि दारूचा थेंबही ओठाला लावायचा नाही. लावला तर आई कोपते आणि पोर उचलून नेते, हे ठमाई लहानपणापासून ऐकत आलेली. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधून ती पोरीच्या उशाशी बसली होती. तिथं हैबती आला.

"गुत्ता बंद ठेवलास तर मक्तेदार उद्याच दुसरी बाई बसवील," तो म्हणाला.

सोमीला शेजारणीच्या हवाली करून ठमाई गुत्त्यावर गेली. नवं पिंप उघडलं. पुढे उभा होता जावजी गाडीवान. तो तिच्या माहेरच्या गावचा, तिला बहीण मानणारा. त्यानं नेहमीसारखी पहिली करवंटी तिच्यापुढे धरली.

"बाय, घोट."

"आज न्हाय रे. घरात आई आल्यात. आज तूच घे."

एवढंच बोलणं झालं. जावजीनं घोट घेतला, ठमाईसारखे डोळे मिटले, मान हलवली. लोक हसले आणि प्यायला लागले.

मक्तेदारानं दारूत पाणी वाढवलं होतं, आणि पाण्यानं गेलेला जोर भरून काढायला धोत्र्याचं बी टाकलं होतं. दिवस मावळायच्या आत माणसं हवेत हात मारू लागली. कोणाला दिसेना, कोणाला नको ते दिसू लागलं. जावजी गाडी टाकून कड्याकडे पळाला, तो थेट खाली दरीत सापडला. बाकीचे कोणी ओढ्यात, कोणी रानात, पडले तिथेच संपले. तळकोंडच्या घरांतून त्या वर्षी रडण्याचा आवाज थांबला नाही.

आणि सोमी वाचली. चेहऱ्यावर वण ठेवून देवी उतरल्या. ठमाईनं पोरीला पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला. आनंदाचा नव्हे. आपलं पोर राखण्यासाठी आपण लोकांची पोरं दिली, हे तिच्या मनातून जाईना. पिंप धुताना तिला तळाशी बी सापडलं होतं. ते मुठीत घेऊन ती दारोदार फिरली, पण हैबतीनं आधीच उठवलं होतं की हा देवीचा कोप. लोकांना ते पटलंही. शिवाय त्यांचं आपलं एक म्हणणं होतं. ठमाईनं घोट घेतला नाही, म्हणून माणसं गेली.

वैशाखात बोहाडा आला. लाकडी सोंगं घालून देव नाचवायचा हा उत्सव, आसपासची सगळी खेडी लोटायची. हैबतीनं गाडीभर पिंपं आणली, आणि या खेपेला सोबत लाठीवाले आणले. ठमाईनं पिंपात कोपरापर्यंत हात घातला. तळाशी तेच बी.

"पिऊ नका रे," ती ओरडली. "मरान हाय यात."

"आपलं पाप झाकतीया," हैबती म्हणाला.

गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. जावजीचा बाप. "ठमे," तो म्हणाला, "त्या दिवशी घोट घेतला न्हाईस. आज तरी घे. मग आमी बघू."

ठमाई करवंटीकडे बघत राहिली. एका घोटानं कोणालाच काही होत नाही. घोट घेऊन ती उभी राहिली, तर सगळे निर्धास्त पितील. नाही घेतला, तर हट्टानं पितील. तिनं सोमीला जवळ घेतलं, तिच्या वणांवरून हात फिरवला आणि तिला शेजारणीकडे दिलं. मग उंबरठ्यावर बसली.

"आज घोट न्हाय," ती म्हणाली. "आज पोटभर पिते. माझ्याकडं बघा. दिवस बुडंपर्यंत कोनी हात लावू नका. येवढं माझं ऐका."

गावानं तेवढं ऐकलं.

ती करवंटीमागून करवंटी प्यायली. हैबती आधी हसला. मग अडवायला धावला, तेव्हा जावजीच्या बापानंच त्याला धरला, आणि एवढा जमाव बघून लाठीवाले मागे सरले. ऊन उतरलं. ठमाईचे ओठ सुकले, डोळ्यांतली बुबुळं पसरून काळीभोर झाली. आपण पळत सुटू, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं दाराच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. सागाच्या लाकडात तिची बोटं रुतली, असं म्हणतात. त्या खुणा अजून आहेत, आणि माझंही बोट त्यांत बसलं आहे.

शेवटी शेवटी तिला समोर जावजी दिसायला लागला.

"जावजी, करवंटी खाली ठेव," ती सांगत होती. "मी चाखलं न्हाय अजून. खाली ठेव, बाबा."

तिथं उभ्या असलेल्या कोणाला मग काही विचारावं लागलं नाही. सोंगं घातलेले गडी सोंगांसकट धावले आणि त्यांनी पिंपं फोडली. ओढ्यातले मासे उलटे होऊन वर आले. शेवटचं पिंप फुटल्याचा आवाज ऐकल्यावरच ठमाईनं खांब सोडला, असं म्हणतात. त्यानंतर तळकोंडच्या शिवेत धोत्रा उगवला नाही.

हैबती पळाला तो पुन्हा दिसला नाही. मक्तेदाराला साप चावला असेल, असं ऐकणाऱ्या पोरांना नेहमी वाटतं. तसं काही झालं नाही. त्याला पुढच्या घाटाचा मक्ता मिळाला.

गुत्त्यात मात्र पुन्हा दारू आली नाही. सोमी मोठी झाली आणि तिनं तिथं पाण्याचे रांजण मांडले. ते आजही भरलेले असतात. तळकोंडात पाहुण्याला पाणी देणारा आधी स्वतः एक घोट घेतो. परक्यांना ते उष्टं वाटतं, राग येतो. येऊ दे. घरात सुतक असो, उपास असो, कोणी अंथरुणाला खिळलेलं असो, तो घोट चुकत नाही.

बोहाड्याच्या दिवशी सोंगं निघण्याआधी गावातली एक बाई गुत्त्याच्या उंबरठ्यावर येते. खांबाला पाठ लावून करवंटीभर पाणी पिते. गाव तहानलेलं असतं, वैशाखाचं ऊन असतं, तरी लगेच कोणी हात पुढे करत नाही. सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे राहतात.