पोशाचा दम

फार जुनी गोष्ट आहे, खाडीच्या बांधाला अजून दगड लागला नव्हता तेव्हाची. वावेखार गाव निव्वळ चिखलाच्या बांधावर तगून होता. बांध फुटला की अख्खा गाव रांगेत उभा राहायचा आणि चिखलाच्या पाट्या हातोहात पुढे जायच्या. रांगेत जो उभा, तो गावचा. गावजेवणात पान त्यालाच.

त्या रांगेतून पोशाला काढलं होतं. ऐन पंचविशीत त्याच्या कानात माणसं बोलायला लागली. भरली पाटी हातात घेऊन तो मध्येच थांबायचा, त्यांना उत्तरं द्यायचा, आणि मागे सगळं तुंबायचं. हिरू पंच म्हणाला, "उद्यापासून हा नको." मग पोशा घरातच बसला. ना अंघोळ, ना चूल.

शेजारच्या चांगुणाकाकीला कुणाच्या घरी काय शिजतंय ते कळल्याशिवाय घास उतरत नसे. तीन दिवस पोशाच्या छपरातून धूर नाही म्हटल्यावर ती भाकरी घेऊन थेट आत शिरली.

"काय रं, कोण बोलतं तुझ्याशी?"

"चौघं हायत, काकी. एक लय शिव्या देतो. पाटीला हात लावू नको म्हणतो."

"त्याला सांग, चांगुणा आलीय. शिव्यांत तिला कुणी हरवलं नाय अजून!"

कित्येक महिन्यांनी पोशा हसला, असं म्हणतात.

त्याच आठवड्यात अमावास्येचं उधाण आलं आणि भर दुपारी बांधाला हे एवढं भगदाड पडलं! काकीने पोशाचा हात धरला, त्याला बांधावर नेलं आणि रांगेत आपल्या शेजारी उभं केलं.

"हा थांबला तर?" हिरू पंच ओरडला.

"तर मी थांबेन. आणि मी थांबले तर तुमची बायकोपण थांबेल, दादा. विचारा तिला!"

पाट्या सुटल्या. तरणी पोरं जीव खाऊन फेकत होती, ती बघता बघता धापा टाकत कोसळायला लागली. तेवढ्यात पोशा थांबला. पाटी छातीशी, ओठ हलताहेत. काकी हात पुढे धरून तशीच उभी राहिली, घाई केली नाही. रांग थांबली. सगळ्यांनी श्वास घेतला. पोशाने पाटी दिली, रांग हलली. पुन्हा थांबला, पुन्हा सगळ्यांनी दम खाल्ला, पुन्हा हलली. आणि काय सांगू! आता एकही माणूस पडेना. पाणी छातीला लागलं, पोशाचे पाय तिवराच्या मुळांसारखे चिखलात रुतले, आणि तो थांबला की समुद्रही थांबायचा, असं म्हणतात! दिवस कलायच्या आत भगदाड बुजलं.

पोशाच्या कानातली माणसं काही गेली नाहीत. म्हातारपणापर्यंत चौघंही होती. पण त्याच्या घरात रोज चूल पेटायची, आणि गावजेवणात त्याचं पान काकीच्या शेजारी मांडलेलं असायचं.

वावेखारच्या बांधावर आता यंत्रं येतात, तरी वर्षातून एकदा माणसांची रांग लागतेच. त्या रांगेत कुणी थांबलं तर "चल, आटप" म्हणायचं नाही. पाट्या छातीशी धरून सगळे उभे राहतात. एखादी नवी सून गोंधळून विचारते, "काय झालं?"

शेजारची बाई सांगते, "काय नाय गं. पोशाचा दम हाय. तूपण घे."